स्पर्धा परीक्षा सोडल्यानंतर माणसात नेमके काय बदलते?

माळरान (धागाकर्ता)

नमस्कार. राज्यसेवा आणि नागरी सेवा परीक्षांची तयारी सोडून मला आता काही वर्षे झाली आहेत. सध्या मी मराठवाड्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीत हिशेब आणि शासकीय पत्रव्यवहार सांभाळतो. हा धागा काढण्याचे कारण असे, की या विषयावर आपल्याकडे दोनच वाक्ये ऐकू येतात. भावकीतले लोक म्हणतात, ‘ऐन उमेदीची वर्षे वाया गेली’. व्याख्याने देणारे म्हणतात, ‘केलेला अभ्यास कधीच वाया जात नाही’. ही दोन्ही वाक्ये विषय मिटवण्यासाठी वापरली जातात, असे माझे निरीक्षण आहे. पहिले ऐकून माणूस मान खाली घालतो, दुसरे ऐकून मान डोलावतो, आणि त्या वर्षांत त्याचे खरोखर काय झाले हे विचारायचे राहून जाते.

मला तेच विचारायचे आहे. ‘नापास झालो आणि पुढे मोठा उद्योजक झालो’ अशा कथा कृपया येथे नकोत. त्या इतरत्र भरपूर मिळतात. निवड न झाल्यानंतर तुमच्यात आधी नव्हती अशी कोणती क्षमता, सवय किंवा दृष्टी आली, ती खरोखर आली आहे हे तुम्हाला कशावरून वाटते आणि तिची किंमत काय पडली, एवढेच लिहावे.

माझ्यापुरते सांगतो. अभ्यासातले निम्मे ज्ञान मी विसरलो आहे. जे उरले, त्यात सर्वांत उपयोगी पडते ती शासन निर्णय शेवटच्या परिच्छेदापर्यंत न कंटाळता वाचण्याची आणि त्यातला ‘परंतु’ कोठे दडला आहे हे शोधण्याची सवय. दिवसभर एका जागी बसून वाचण्याची शिस्त मात्र अभ्यासिका सुटल्यावर थोड्याच महिन्यांत गेली. ती माझी नव्हतीच, त्या जागेची होती.

खरा बदल वेगळ्या ठिकाणी झाला. तयारीच्या काळात मी प्रत्येक माणसाला पदाच्या पट्टीने मोजत असे. वर्ग एक, वर्ग दोन, आणि त्याखाली ‘बाकीचे’. माझा एक चुलतभाऊ पंचायत समितीत लिपिक आहे. तो ‘थांबलेला माणूस’ आहे असे मला मनापासून वाटायचे. निवड झाली नाही तेव्हा त्याच पट्टीने मी स्वतः शून्य भरलो. पट्टी टाकून द्यावी तर दुसरे मापच माहीत नव्हते. लग्नकार्यांना जाणे मी बंद केले, कारण ‘सध्या काय करतोस?’ या प्रश्नाला माझ्याकडे वाक्य नव्हते. तो काळ बराच लांबला.

आता कंपनीच्या संकलन केंद्रावर हळदीची प्रत ठरवणाऱ्या बायकांजवळ बसून ‘मला हे कळत नाही, समजावून सांगा’ असे मी सहज म्हणू शकतो. नागरी सेवा पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. मनाला तसलीच काहीतरी सवय जडली होती. येत नसेल तर गप्प बसावे आणि येत नाही हे कोणाला कळू देऊ नये. ती सुटली. ही वाढ म्हणायची की परिस्थितीशी केलेली तडजोड, यावर तुमची मते हवी आहेत.

कृष्णाकाठ

धाग्याचा विषय चांगला आहे, परंतु मी आधी पैशांचा हिशेब मांडणार आहे. पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर जागा, मेसचे दोन वेळचे जेवण, अभ्यासिकेचे मासिक शुल्क, क्लासची फी, टेस्ट सिरीज आणि दर जाहिरातीला बदलणारी पुस्तके, हे सगळे आमच्या उसाच्या बिलातून गेले. कारखान्याचे बिल वडिलांच्या खात्यावर जमा झाले की त्याच आठवड्यात त्यातला मोठा हिस्सा माझ्याकडे येई. घरी विहीर खोल करायची होती, ती राहिली. तेव्हा ‘अपयशाने मला घडवले’ असे मी म्हणालो, तर त्या घडण्याचा खर्च दुसऱ्याने भरला हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

आता बदलाविषयी. गावी परतल्यावर लोक कागद घेऊन येऊ लागले. ‘तू एवढा शिकलास, एवढे बघ.’ जमीन महसूल संहिता, १९६६ मी परीक्षेसाठी पाठ केली होती. फेरफार गाव नमुना सहामध्ये नोंदवला जातो, त्याची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, कलम १५०. परीक्षेत एवढ्यावर गुण मिळतात. गावात मात्र वारस नोंद अडलेली असते, कारण मुंबईतला भाऊ सही करत नाही. तो सही करत नाही, कारण वडिलांच्या शेवटच्या आजारपणाचा खर्च कोणी केला याचा वाद मिटलेला नसतो. आणि तो वाद कोणत्याही नमुन्यात लिहिलेला नसतो. सुरुवातीला मी लोकांना कलम सांगून मोकळा होत असे. हळूहळू मी पूर्ण ऐकून घ्यायला लागलो, कारण पूर्ण ऐकल्याशिवाय अर्जच नीट लिहिता येत नाही. आज माझे आपले सरकार सेवा केंद्र आहे आणि त्यावर माझे घर चालते.

धागाकर्त्याने विचारले आहे, कशावरून वाटते. माझ्याकडे साधा पुरावा आहे. पूर्वी माझ्याशी बोलायला माझ्या वयाचीच मुले येत. आता म्हातारी माणसे येतात आणि घरातल्या गोष्टी सांगतात.

माळरान

कृष्णाकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. एक शंका आहे. हे अपयशामुळे झाले की गावी परतल्यामुळे? निवड होऊन तुम्ही त्याच तालुक्यात नायब तहसीलदार म्हणून आला असता, तर हे शिकला नसता का?

कृष्णाकाठ

कदाचित शिकलो असतो. परंतु तेव्हा लोक माझ्यासमोर उभे राहिले असते. आता मी त्यांच्या ओसरीवर बसतो. साहेबाला कोणी आजारपणाचा वाद सांगत नाही.

दुसरीबाजू

मी थोडा विरोधी सूर लावणार आहे. नावाप्रमाणे ते माझे कामच आहे.

येथे लिहिणारे सगळे सावरलेले लोक आहेत. जे सावरले नाहीत ते असे धागे वाचत नाहीत आणि वाचले तरी लिहीत नाहीत. त्यामुळे प्रतिसादांची बेरीज करून ‘अपयशातून माणूस वाढतो’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा आकड्यांचा आहे. २०२३ च्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेला ५ लाख ९२ हजार १४१ उमेदवार प्रत्यक्ष बसले. त्यांतून १४,६२४ जण मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरले, २,८५५ जण मुलाखतीपर्यंत पोहोचले आणि १,०१६ जणांची शिफारस झाली. म्हणजे देशातल्या अत्यंत कठीण परीक्षेचे दोन टप्पे पार करून दिल्लीतल्या मुलाखतीच्या दालनात बसून आलेले १,८३९ जण त्या वर्षी ‘अपयशी’ होऊन घरी परतले. त्याच वर्षी आपल्याकडे तलाठी भरतीच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. एवढ्या गर्दीत बहुतेकांची निवड न होणे हे जागा आणि अर्ज यांच्या गणितातून आधीच ठरलेले असते. अशा न-निवडीला ‘नियतीने दिलेला धडा’ म्हणणे म्हणजे व्यवस्थेचे ओझे एकेकट्या मुलाच्या डोक्यावर ठेवणे आहे.

आणि प्रत्येक धक्का व्यक्तीच्या कमतरतेतून येतो असेही नाही. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवा पूर्वपरीक्षा अवघ्या तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली गेली आणि पुण्यात मुले रस्त्यावर उतरली. पुढे ती परीक्षा २१ मार्चला झाली. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय २०२३ पासून लागू व्हायचा होता, तो आंदोलनानंतर २०२५ वर गेला. या सगळ्या काळात खोलीचे भाडे चालूच होते. यातून कोणी खंबीर झाला असेल तर त्याचे कौतुक जरूर करावे, पण त्याचे श्रेय त्या खोळंब्याला देऊ नये.

गणिताचामास्तर

मी निवृत्त शिक्षक आहे. स्वतः कधी स्पर्धा परीक्षा दिली नाही, तरी माझ्या हाताखालून गेलेली पुष्कळ मुले त्या वाटेने गेली, म्हणून लिहितो. एक जुने उदाहरण द्यावेसे वाटते, कारण त्याची सुरुवातही परीक्षेच्या दारातूनच होते.

धोंडो केशव कर्वे मुरूडचे. कोकणातून सातारा येथे परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर पावसापाण्यात घाट चढून, शंभराहून अधिक मैल पायी चालत गेले होते. परीक्षेला सतरा वर्षे वयाची अट होती. कर्व्यांचे वय भरत होते, पण ते अंगाने किरकोळ आणि दिसायला लहान होते. एवढ्यावरून समितीच्या अध्यक्षांनी त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे मॅट्रिक झाले ते १८८१ मध्ये, म्हणजे तेविसाव्या वर्षी. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ मध्ये पदवी मिळाली आणि १८९१ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई गेल्या.

येथपर्यंतची गोष्ट व्याख्यानांतून बऱ्याचदा सांगितली जाते. मला पुढचा भाग अधिक शिकवण्यासारखा वाटतो. १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. त्या बालविधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या. मुरूडच्या लोकांनी बहिष्कार घातला आणि त्याचा ताप गावात राहणाऱ्या आईला व भावंडांना झाला. त्याच वर्षी कर्व्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली होती. त्या कामाला समाजाचा किती विरोध आहे हे अंगावर घेतल्यानंतर त्यांनी आपला हेतू सोडला नाही, मार्ग मात्र बदलला. विधवेने लग्न करावे की नाही हा वाद बाजूला ठेवून तिला शिकवून स्वतःच्या पायांवर उभे करण्याचे काम त्यांनी हाती घेतले, कारण त्याला मदत करायला सनातनी घरांतलेही काही लोक तयार होऊ शकत होते. १८९६ मध्ये आश्रमाची संस्था निघाली, १९०० मध्ये ती हिंगण्याला गेली, आणि कॉलेजातले तास संपवून कर्वे पुण्याहून हिंगण्याला चालत जाऊन तेथे शिकवत. महिला विद्यापीठ १९१६ मध्ये आले. भारतरत्न मिळाले तेव्हा त्यांचे वय शंभर होते.

माझा मुद्दा एवढाच, की धक्का बसल्यानंतर आपण जे धरून होतो त्यातले किती खरोखर आपले होते आणि किती नुसती वाट होती, हे वेगळे करता येणे ही मोठी गोष्ट आहे. ज्या मुलाला ‘लोकांची कामे करायची’ म्हणून अधिकारी व्हायचे होते, त्याने पद न मिळाल्यावर स्वतःला विचारावे, की कामे करायची होती की पद हवे होते. दोन्ही उत्तरे प्रामाणिक असू शकतात. पण उत्तर ठाऊक नसेल तर माणूस बरीच वर्षे चुकीच्या गोष्टीसाठी रडतो.

दुसरीबाजू

मास्तर, मार्ग आणि हेतू यांचा भेद पटला. मात्र सातारच्या त्या अध्यक्षांनी कर्व्यांना घडवले असे कोणी उद्या लिहू नये म्हणून नोंदवतो. तो निव्वळ अन्याय होता. कर्वे त्याच्यामुळे मोठे झाले नाहीत, तो सोसूनही मोठे झाले.

गणिताचामास्तर

मान्य. मी त्याला श्रेय दिलेले नाही, आणि देणारही नाही.

मनोव्यापार

मी समुपदेशक आहे. नाशिकला काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत परीक्षार्थींचे प्रमाण बरेच असते. ‘वाढ’ हा शब्द आमच्या शास्त्रात कसा वापरला जातो ते थोडक्यात सांगते, कारण वरच्या चर्चेत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येत आहेत.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथील रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये आघातानंतरची वाढ मोजण्यासाठी एकवीस विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. इतरांशी असलेले नाते, आयुष्यातल्या नव्या शक्यता, स्वतःच्या बळाची जाणीव, आध्यात्मिक बदल आणि जगण्याविषयीची कृतज्ञता, अशी तिची पाच अंगे आहेत. त्यांचा विचार मुख्यतः जिवलगाचा मृत्यू, गंभीर आजार, अपघात अशा आघातांविषयी आहे. परीक्षेतल्या अपयशाला सरसकट त्या रांगेत बसवणे योग्य नाही. तरी त्यांच्या मांडणीतल्या दोन गोष्टी येथे लागू पडतात. पहिली, वाढ घटनेतून होत नाही. घटनेने जगाविषयीची आपली मूळ समजूत मोडते आणि ती पुन्हा बांधण्याच्या झगड्यात वाढ होते. माळरान यांनी पट्टीविषयी लिहिले आहे ते नेमके हेच. ‘मेहनत केली की फळ मिळते’ ही समजूतही अशीच मोडते. दुसरी, वाढ आणि दुःख एकाच वेळी नांदू शकतात. निकालाच्या दिवशी ज्याला अजूनही जेवण जात नाही, तो वाढलाच नाही असे ठरत नाही.

आता याची उलट बाजू. ही प्रश्नावली माणसालाच विचारते, की तू आधी कसा होतास आणि आता कसा आहेस. आधीचे आपण आपल्याला नीट आठवतो का? २००९ मध्ये पॅट्रिशिया फ्रेझियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांची मोजणी आधी आणि काही आठवड्यांनंतर अशी दोनदा केली. दरम्यान ज्यांना धक्का बसला होता, त्यांनी ‘मी वाढलो’ असे सांगितले ते आणि प्रत्यक्ष मोजलेला बदल यांचा फारसा मेळ बसला नाही. वाढल्याची भावना ही पुष्कळदा दुःख सोसण्यासाठी मनाने घेतलेला आधार असते. तो आधार वाईट नाही. परंतु ‘कशावरून वाटते?’ या धागाकर्त्याच्या प्रश्नाचे उत्तर आपण एकट्याने देऊ नये, असे यावरून मी म्हणेन. तुमच्यासोबत राहिलेल्या माणसाला विचारा. खोलीतला जोडीदार, बहीण, आई. कृष्णाकाठ यांनी दिलेला पुरावा मला म्हणूनच आवडला. तो दुसऱ्यांच्या वागण्यातला आहे.

आणखी एक निरीक्षण. अपयशानंतर विचार दोन तऱ्हांनी चालतो. एकात मनात नसतानाही तेच ते दृश्य येत राहते. दोन गुणांनी गेलेला कटऑफ, बदललेले उत्तर, आन्सर की. दुसऱ्यात माणूस ठरवून बसतो आणि स्वतःला विचारतो, की आता मला काय माहीत आहे. पहिल्यातून दुसऱ्यात जायला वेळ लागतो आणि बोलायला माणूस लागतो. जे एकटे राहतात ते पहिल्यातच अडकतात.

अबोली

मुलींच्या बाजूने कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते.

माझ्यासाठी स्पर्धा परीक्षा ही परवानगी होती. परीक्षेच्या नावाखाली मला पुण्यात राहता आले. सदाशिव पेठेतल्या त्या खोलीत चार मुली होतो, कपाटाला कुलूप होते आणि त्याची किल्ली माझ्याकडे होती. आमच्या घरात माझ्या आईकडेसुद्धा स्वतःची अशी किल्ली नाही. वडिलांनी काकांच्या विरोधाला न जुमानता मला पाठवले होते, पण मुदत ठरलेली होती. निवड झाली नाही तेव्हा मुलांचे जे जाते ते माझे गेलेच, शिवाय ती परवानगीही संपली. महिन्याभरात घरी स्थळे यायला लागली. मुलगा नापास होतो तेव्हा त्याला ‘आता पुढे काय?’ असे विचारतात. मला कोणी विचारले नाही, कारण पुढे काय हे सर्वांना आधीच माहीत होते.

वाढ म्हणावी असे एकच सांगते. मुलाखतीच्या तयारीत आम्हांला शिकवले होते, की प्रश्न पूर्ण ऐकावा, आवाज चढवू नये, उत्तर थोडक्यात द्यावे आणि गप्प बसावे. आयोगासमोर ते वापरण्याची वेळ आली नाही. घरी आली. सगळे बसलेले असताना मी म्हणाले, ‘मी पुन्हा परीक्षा देणार नाही आणि या वर्षी लग्नही करणार नाही, मी छत्रपती संभाजीनगरला नोकरी बघते आहे.’ आणि पुढे काही बोलले नाही. पूर्वीची मी तेथे रडले असते किंवा भांडले असते, आणि दोन्हींचा उपयोग घरच्यांना होतो. आज मी एका विमा कार्यालयात दाव्यांची कागदपत्रे तपासते. काम रोमांचक नाही. पगार माझ्या खात्यावर येतो.

याची किंमत विचारली आहे, म्हणून तीही लिहिते. काका अजून माझ्याशी बोलत नाहीत आणि वडिलांना त्यांच्या भावासमोर मान खाली घालावी लागते. ते मला कधी बोलून दाखवत नाहीत, हे अधिक जड जाते.

एक_बाप

मुलांना एकच सांगायचे आहे. निकाल लागला तेव्हा आमचेही काहीतरी गेले. गावात, कामावर, सोयऱ्यांत उत्तरे आम्हीही दिली. तुम्ही खोलीत दार लावून बसलात, आम्हांला दार लावता येत नव्हते. राग नाही. पण बोलताना आम्हांलाही त्यात धरावे.

अभ्यासिकेचा_जिना

मी पुण्यात अभ्यासिका चालवतो. येणाऱ्यांची नोंद वहीत असते, जाणाऱ्यांची नसते. तरी इतक्या वर्षांत जाणारे दोन प्रकारचे असतात हे लक्षात आले आहे. काही रात्रीत जातात. सकाळी त्यांच्या टेबलावर पाण्याची बाटली आणि जुन्या मासिकांचा गठ्ठा असतो, फोन बंद असतो, अनामत रक्कमही न्यायला येत नाहीत. काही सांगून जातात. ते पुस्तके धाकट्यांना देतात किंवा अप्पा बळवंत चौकात जुन्या भावाने विकतात, मेसचा हिशेब मिटवतात, खाली चहा पाजतात. पुढे भेटायला येतात ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचे. पहिल्या प्रकारातले सगळे कोलमडले असे मी म्हणत नाही. मला कळायला मार्ग नाही. पण ज्यांनी निघण्याचा दिवस स्वतः ठरवला, त्यांच्या बोलण्यात नंतर कडवटपणा कमी असतो.

‘अजून एक अटेम्प्ट’ या तीन शब्दांविषयी. खुल्या प्रवर्गाला केंद्राच्या परीक्षेत सहा प्रयत्न आणि बत्तीस वर्षांची मर्यादा आहे, म्हणून तेथे कधीतरी दार आपोआप बंद होते. राज्याच्या परीक्षेत वयोमर्यादा खुल्या प्रवर्गालाही अडतीस आहे. दार उघडे असणे चांगलेच, परंतु उघड्या दारातून बाहेर पडण्याचा निर्णय स्वतः घ्यावा लागतो आणि तो बंद दारापेक्षा कठीण असतो. माझ्या पाहण्यात जी मुले खरोखर मोठी झाली, ती याच निर्णयाने झाली.

संपादक मंडळ

चर्चा चांगली चालली आहे. एक सूचना आवश्यक वाटते. परीक्षेच्या ताणातून आयुष्य संपवल्याच्या घटना आपल्या राज्यात घडलेल्या आहेत. हा धागा वाचताना कोणाला स्वतःविषयी भीती वाटत असेल, तर केंद्र शासनाची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

माळरान

मनोव्यापार यांचे ऐकून मी धाकट्या बहिणीला विचारले. तिच्यासमोर प्रश्न जसाच्या तसा ठेवला, की माझ्यात काय बदलले. तिने विचार करायला दोन दिवस घेतले आणि मग जे सांगितले ते मला अपेक्षित नव्हते. तिच्या मते मी लोकांना आता कमी तोडून बोलतो, हे खरे आहे. पण पूर्वी मी घरी आलो की मोठमोठ्या गोष्टी ठरवत असे; गावात वाचनालय करू, तुला पुढे शिकवू, घर बांधू. ‘आता तू काहीच ठरवत नाहीस,’ असे ती म्हणाली. ‘तू शहाणा झालास असे सगळे म्हणतात. मला कधीकधी वाटते, तू घाबरला आहेस.’

मी पहिल्या पोस्टमध्ये वाढ की तडजोड असे विचारले होते. तिच्या उत्तरानुसार दोन्ही आहेत आणि त्या वेगवेगळ्या कप्प्यांत नाहीत. मास्तरांनी हेतू आणि मार्ग यांचा भेद सांगितला. माझ्या बाबतीत मार्गाबरोबर हेतूचाही काही भाग गळाला असावा. वाचनालयाचा विषय मी कंपनीच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे. संकलन केंद्राच्या मागची खोली हंगामाबाहेर रिकामीच असते.

मनोव्यापार

तुमच्या बहिणीचे उत्तर कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा नेमके आहे. धक्क्यानंतर आशा लहान करणे हाही स्वतःला जपण्याचा एक मार्ग असतो. तो काही काळ लागतोच. कायमचा ठेवायचा का, हे नंतर ठरवता येते.

नवापाऊस

मी नवीन सदस्य आहे. धागा सलग वाचून काढला. केंद्राच्या परीक्षेत मी मुलाखतीपर्यंत पोहोचलो होतो, शिफारस झाली नाही. आता थांबायचे ठरवले आहे. मनाचे पुढे बघू, पण मला आत्ता व्यावहारिक अडचण आहे. नोकरीच्या अर्जात या वर्षांचे काय लिहायचे? पदवीनंतरची जागा कोरी दिसते आणि मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो.

अबोली

कोरी ठेवू नका आणि ‘वैयक्तिक कारणे’ असेही लिहू नका. त्यावर अधिक प्रश्न येतात. ‘नागरी सेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, व्यक्तिमत्त्व चाचणीपर्यंत पात्र’ असे वर्षांसह सरळ लिहा. वैकल्पिक विषय आणि निबंध यांतले गुण चांगले असतील तर तेही लिहा. विचारले तर दोन वाक्यांत उत्तर द्या आणि तिसऱ्या वाक्यात त्या नोकरीविषयी बोला. माझ्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी एवढेच विचारले होते, की पुन्हा परीक्षेला बसणार का. ‘नाही’ म्हटल्यावर त्यांनी पुढचा कागद उघडला.

शिवाय मुलाखतीपर्यंत पोहोचून शिफारस न झालेल्या आणि संमती दिलेल्या उमेदवारांची माहिती आयोग ‘प्रतिभा सेतू’ या संकेतस्थळावर नोंदणीकृत नियोक्त्यांना उपलब्ध करून देतो. तुम्ही अर्ज भरताना संमती दिली होती का, ते आधी तपासा.

नवापाऊस

दिली होती. आज संध्याकाळीच बघतो. आभारी आहे.